तीस वर्षं पहिल्या पंगतीला

एखाद्या अपंग माणसाचा तुम्हाला कधी हेवा वाटला आहे का? दया आली का, असं विचारत नाही; ती येतच असेल, ती फुकट असते. मी हेव्याचं विचारतोय. समोरच्याचं बरं झालं की आपलं तोंड कडू करणाऱ्या हेव्याचं. मला तो सात महिने वाटत होता. त्या महिन्यांत मी जे काही केलं ते तत्त्वासाठी केलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

मी नांदेडचा. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा शाळामास्तर होते, पण त्यांचं खरं काम शाळा सुटल्यावर सुरू व्हायचं. कुठं बस थांबत नाही, कुठं पाठ्यपुस्तकं पोचली नाहीत, कुठल्या शिपायाला विनाकारण काढलं. कसलाही अन्याय कानावर आला की बाबा टेबलाशी बसून मजकूर लिहायचे, तो ओळखीच्या छापखान्यातून छापून यायचा आणि घड्या घालायला मी बसायचो. मला अक्षरओळख मथळ्यांवरून झाली. नायगावच्या आठवडी बाजारात मी पहिल्यांदा पत्रकं वाटली तेव्हा दुसरीत होतो. एका म्हातारीनं मी दिलेल्या पत्रकात लगेच भजी बांधून घेतली आणि मला रडू फुटलं. बाबा म्हणाले, "भजी संपली की वाचंल ती."

तो विश्वास मला बाबांकडून मिळाला आणि तो मी सोडलेला नाही. छापलेल्या शब्दानं काहीतरी हलतं असं मला आजही वाटतं. पण ज्या घरात रोज कुणाची ना कुणाची मागणी लिहिली जात होती, त्या घरात "तुला काय पाहिजे" असं मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. मीही ते कधी ठरवलं नाही. अन्याय बाहेर भरपूर होता. माझ्या पाहिजे-नकोला वेळ कुठं होता?

शिक्षण संपवून मी लातूरला एका केंद्रात नोकरीला आलो. गंजगोलाईच्या मागच्या बाजूला दोन खोल्या, दाराशी व्हीलचेअरसाठी फळ्यांचा उतार, आणि दर शनिवारी तिथं जमणारे दहा-बारा अपंग तरुण-तरुणी, असं ते केंद्र. चालवणाऱ्या बाई मूळच्या उदगीरच्या, निवृत्त शिक्षिका. लहानपणी पोलिओ झालेला, पायात कॅलिपर. उठताना टेबलाचा कोपरा धरायच्या आणि कुणी हात पुढं केला तर त्याच्या हातात खडू द्यायच्या.

शनिवारच्या बैठकीचं काम सोपं होतं. प्रत्येकाची एक वही. तीन प्रश्न. या आठवड्यात काय जमलं? काय टाळलं? पुढच्या शनिवारपर्यंत काय करणार? अर्धा तास कुणी बोलायचं नाही. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याच्याजवळ बसून मी त्याचं म्हणणं उतरवून घ्यायचो. मग ज्याला वाटेल त्यानं वाचून दाखवायचं. आमच्यासाठी बाईंचा नियम एकच. विचारायचं, सुचवायचं नाही.

पहिल्याच महिन्यात मी तो मोडला. निलंग्याची एक मुलगी होती, तिचे हात सारखे थरथरायचे. तिनं मला सांगितलं, "आईनं हाक मारायच्या आत माझी वेणी मी घालून बसणार." मी लिहिलं, 'दैनंदिन जीवनात संपूर्ण स्वावलंबनाचा निर्धार.' बाईंनी वही बघितली.

"हे कोण बोललं?"

"तीच बोलली. मी जरा नीट मांडलं."

"मी इथंच बसले होते. मला तर फक्त वेणी ऐकू आली." त्यांनी माझी ओळ खोडली आणि पेन माझ्याच हातात दिलं. मी 'वेणी' लिहिलं. मनात म्हणालो, एवढ्यानं जग बदलणार आहे का? आणि तीन आठवड्यांनी ती मुलगी तिरकी, सैल, पण स्वतः घातलेली वेणी घेऊन आली तेव्हा टाळ्या वाजवताना माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट आनंदाची नव्हती. मला वाटलं, हिला ठाऊक होतं काय हवंय ते. मला कुठं ठाऊक आहे?

हेव्याची ती सुरुवात. पुढं तो एका माणसावर येऊन बसला.

तो मुरुडचा. वय एकतीस, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा. जन्मापासून डावा हात कोपरात वाकलेला, डावा पाय ओढत चालायचा, आणि बोलताना जीभ जरा जड पडायची, म्हणून तो थांबून थांबून बोलायचा आणि त्या थांबण्याचा उपयोग विनोदाला करायचा. मुरुडात त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. शनिवारी ते बंद ठेवून एसटीनं लातूरला यायचा. लिहिताना वही सरकू नये म्हणून तिच्यावर डावा कोपर ठेवून बसायचा.

पहिले तीन शनिवार त्यानं काही लिहिलं नाही. चौथ्या शनिवारी वाचून दाखवलं, "चुलत बहिणीच्या लग्नात मला वरण वाढायचंय."

सगळे हसले. तोही हसला. बाई हसल्या नाहीत. "वरणच का?"

"भात काय, कुणीबी वाढतंय. वरण सांडतंय, बाई. नवरदेवाकडच्यांच्या धोतरावर सांडलं तर पिढ्यानपिढ्या सांगत्यात. म्हणून वरणाची बकेट ज्याच्या हातात, त्याच्यावर भावकीचा भरवसा हाय असं समजायचं."

"आणि तुमच्या हातात काय देतात?"

"पत्रावळ." तो थांबला. "मला पहिल्या पंगतीला बसवत्यात. म्हातारी माणसं, लेकरं आन् मी. 'बस बाबा, तू निवांत जेवून घे.' तीस वर्षं पहिल्या पंगतीला जेवलो. माझ्या शेजारी बसणारी लेकरं मोठी झाली, वाढायला लागली. आता त्यांची लेकरं माझ्या शेजारी बसत्यात."

तोच पुढं म्हणाला, "मला काय ऐकायचंय सांगू का? कुणीतरी पंगतीतून वरडावं, ए वरणवाल्या, झोपला का रं? बास. तेवढं."

मला राग आला. त्या भावकीचा आला, त्या निवांत जेवून घे म्हणणाऱ्या गोड आवाजांचा आला. बाहेर बसवणारा हात मानानं बसवतो तेव्हा त्याच्याशी भांडायचं तरी कसं? तो राग खरा होता. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं. एवढं नेमकं मागणं मी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं. आम्ही कायम न्याय मागितला. यानं वरण मागितलं, आणि ते कधी मिळालं म्हणायचं हेही याला माहीत होतं.

मग सुरू झाले त्याचे शनिवार. पहिल्या आठवड्यात त्यानं रिकामी बकेट डाव्या कोपरात अडकवून अंगणात फेऱ्या मारल्या. तो हात उघडत नाही म्हणून आयुष्यभर डॉक्टरांनी खेचला होता. यानं ठरवलं, न उघडणारा हात म्हणजे खुंटी. मग पाव बकेट पाणी. मग अर्धी. शेजारणीनं विचारलं, "पाणी कुठं घेऊन चाललास रं?" तर म्हणाला, "फिरवून आणतो. दिवसभर हौदात बसून कंटाळलंय." 'काय टाळलं'खाली त्यानं लिहिलं, 'आईसमोर बकेट उचलायची टाळली. ती रडंल.' पुढच्या शनिवारी लिहिलं, 'आईसमोर उचलली. रडली न्हाई. म्हणली, सांडलेलं पूस.'

अडचण वाकण्याची होती. पंगत जमिनीवर बसते, आणि वाकलं की त्याचा डावा पाय दगा द्यायचा. दोनदा पडला. त्यानंतरच्या शनिवारी त्यानं उपाय आणला. वेल्डिंगवाल्याकडं जाऊन वरण वाढायच्या वगराळ्याला हातभर दांडा जोडून घेतला, म्हणजे उभ्या उभ्या वाढता येईल. वेल्डिंगवाला म्हणाला होता, "गच्चीवरून वाढणार हायस का?" ते वगराळं त्यानं बैठकीत आणलं, बादलीतलं पाणी आमच्या प्रत्येकाच्या पेल्यात घालून दाखवलं. माझ्या पायावर सांडलं. "सर, तुम्ही नवरदेवाकडचे," तो म्हणाला.

वहीत शेवटचं एक काम कायम उरायचं. 'काकाला स्वतः विचारायचं.' काका म्हणजे नवरीचे वडील. महिने गेले तरी 'काय टाळलं'खाली एकच शब्द यायचा, काका. तो बाईंसमोर उभं राहून ते वाक्य म्हणून बघायचा. "काका, पोरीच्या लग्नात वरण माझ्याकडं द्या." जीभ 'वरण'वर अडकायची. बाई म्हणायच्या, "घाई नाही. अडकलात तर अडकलेलंच विचारा." अखेर त्यानं दिवस ठरवला. लग्नाच्या आधीचा दुसरा बुधवार, दुकान बंद करून, एकट्यानं काकाच्या घरी जायचं.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगत होतो. चूक माझीच. आधी बाबा विचारायचे, "काम कसं चाललंय?" मग विचारायला लागले, "तुझा वरणवाला काय म्हणतोय?" वाकण्याची अडचण मी सांगितली तर दुसऱ्या दिवशी बाबांनी एका जुन्या पत्रकाच्या पाठीवर लांब दांड्याच्या वगराळ्याचं चित्र काढून त्याचा फोटो पाठवला, मापांसकट. मला दहावीला किती टक्के होते, हे बाबांना आज विचारून बघा.

त्यानं बुधवार ठरवला त्या आठवड्यात मला ताप आला होता. फोनवर मी म्हणालो, "बरं नाहीय मला."

"औषध घे," बाबा म्हणाले. "आन् बुधवारचं काय झालं? विचारणार ना तो?"

त्याच आठवड्यात मी गपचूप एक वही आणली आणि तेच तीन प्रश्न स्वतःला विचारले. काय जमलं? सगळ्या बैठका वेळेवर झाल्या. काय टाळलं? रेघ ओढली. पुढच्या शनिवारपर्यंत काय करणार? मी 'समतेवर आधारित' एवढं लिहिलं आणि पुढं काही सुचेना. वही गादीखाली सरकवली. ज्यांना मी प्रश्न विचारत होतो त्यांच्याजवळ उत्तरं होती, माझ्याजवळ मथळे.

मग मी मला येतं ते केलं. एका दुपारी चहाच्या टपरीवर बसून एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता, 'बसवू नका, वाढू द्या.' खाली लिहिलं की पहिल्या पंगतीचा मान हा मान नसून गोड बोलून केलेली हकालपट्टी आहे. त्यातलं एक अक्षरही मी आज मागं घेणार नाही. पण पुढं मी लिहिलं, 'मुरुडच्या एका तरुणाला त्याच्याच भावकीनं तीस वर्षं वाढू दिलं नाही. येत्या लग्नात तरी देणार का?' असं तो कधीच म्हणाला नव्हता. मी त्याला विचारलं नव्हतं. आणि विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, हे लिहिताना मला माहीत होतं.

का लिहिलं मग? तेव्हा मी म्हणालो असतो, एका माणसाचा प्रश्न सगळ्यांचा व्हावा म्हणून. आता सांगतो. त्याच्या वरणात मला माझा वाटा पाहिजे होता. तो बुधवारी जाणार, विचारणार, आणि सगळं त्याचं एकट्याचं होणार, हे मला सहन होत नव्हतं.

पत्रक नांदेडला बाबांच्या ओळखीच्याच छापखान्यात छापलं, गुलाबी कागदावर. बाबांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, "भाषा कडक आहे." एवढ्या वर्षांत त्यांनी केलेलं पहिलं कौतुक. मी अंगभर गरम झालो. मग त्यांनी विचारलं, "त्याला दाखवलंस ना?"

"हो," मी म्हणालो.

लातूरला दोन कॉलेजांच्या फाटकाशी वाटलं, फोनवरही सोडलं. ते त्याच्या भावकीच्या ग्रुपवर पोचायला दुपारही व्हावी लागली नाही. तो सोमवार होता. बुधवार यायचा होता.

शनिवारी तो आला. खिशातून गुलाबी कागद काढून टेबलावर ठेवला, चार घड्या घातलेला. बाईंनी उलगडून वाचला आणि माझ्याकडं बघितलं. तो माझ्याशीच बोलला, थांबून थांबून, पण विनोद न करता.

"यात लिहिलंय, मला वाढू दिलं न्हाई. मी मागितलं कधी होतं, सर?"

"मागायची वेळच का यावी?"

"मला आणायची होती ती वेळ. बुधवारी. मीच जाणार होतो काकाकडं. मंगळवारी काकाच आला माझ्याकडं. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. म्हणला, आमची अब्रू काढलीस व्हय रं? तुला काय कमी केलं आम्ही? मग रडला. मग म्हणला, वाढ की बाबा, तुला कोण नको म्हणतंय, सगळ्या मांडवासमोर वाढ."

मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण लपवण्यासारखं तेवढंच आहे. मी म्हणालो, "म्हणजे परवानगी तर मिळाली."

"मिळाली," तो म्हणाला. "तुम्हाला मिळाली."

लग्नाला त्यानं तरीही बोलावलं. बाबांनाही बोलावलं, पत्रिका नांदेडला पाठवून. बाबा सकाळच्या गाडीनं आले, इस्त्रीचा सदरा घालून. माझ्या कॉलेजच्या पदवीदानाला ते मोर्चामुळं आले नव्हते.

अक्षता पडल्या आणि पहिली पंगत बसली. मग माईक सुरू झाला. काकांनी त्याला पुढं बोलावलं, डोक्यावर फेटा बांधला. माईकवरचा माणूस म्हणाला की आपले दिव्यांग बंधू आज स्वतःच्या हातानं पाहुण्यांना वाढणार आहेत, जोरदार टाळ्या. नवी कोरी छोटी बकेट आणली होती, तिला झेंडूची माळ. ती एका चुलत भावानं धरली. याच्या हातात नुसतं वगराळं, तेही आखूड. त्याला वाकता येत नाही म्हणून मागून दोघांनी कमरेला धरलं. नवरदेवाच्या वडिलांच्या भातावर वरण पडलं. फोटोवाला म्हणाला, "परत एकदा, इकडं बघून." वरण परत पडलं. असे पाच पाहुणे झाले. मग काका अगदी मायेनं म्हणाले, "बास आता. दमलास. बस, निवांत जेवून घे." आणि फेट्यासकट त्याला त्याच पंगतीत, एका म्हातारबाच्या आणि दोन लेकरांच्या मधे बसवलं.

टाळ्या वाजत होत्या. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. माझ्या पत्रकानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं होतं, मथळ्याला मथळ्यानं.

बाबा माझ्याशेजारी उभे होते. ते हळू म्हणाले, "खरंच दाखवलं होतंस का त्याला?"

"नाही."

मला वाटलं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान तेवढा वेळ मी त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. पण ते पंगतीकडं बघत म्हणाले, "मीबी कधी दाखवलं न्हाई. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना." मग ते पुढं गेले आणि त्याच्या शेजारच्या दोन लेकरांपैकी एकाला सरकवून तिथं जेवायला बसले. दोघं काहीतरी बोलत होते. तो हसला, बाबाही हसले. लाजिरवाणं आहे, पण सांगतो. त्या माणसाचं एवढं नुकसान करूनही, त्या क्षणी मला त्याचाच हेवा वाटत होता.

पंगतींमागून पंगती उठल्या. दुपार कलली. फोटोवाला नवरा-नवरीबरोबर बाहेर गेला, माईक गुंडाळला गेला. आमच्याकडं वाढणारे सगळ्यात शेवटी जेवतात. सकाळपासून पळून पळून पाय मोडलेले, घामानं भिजलेले वीसेक चुलत-मावस भाऊ एका ओळीत टेकले, पत्रावळी पुढं ओढल्या आणि ओरडायला लागले. कारण त्यांना वाढायला कुणी उरलेलंच नव्हतं.

त्यानं फेटा काढून खुर्चीवर ठेवला. त्याची आई चुलीकडच्या बाजूला बसली होती. तिच्याजवळ कापडात गुंडाळलेलं लांब दांड्याचं वगराळं होतं. तिनंच ते आणलं होतं, त्याला न विचारता. तिनं ते पुढं केलं. त्यानं वरणाची मोठी बकेट, निम्मी भरलेली, कोपरात अडकवली आणि ओळीच्या टोकाला गेला.

"कोण हाय रं वरणाला?" एक जण ओरडला.

"मी हाय."

"मग ये की मर्दा, भात वाळून चाललाय."

तो चालायला लागला. पाय ओढत, बकेट हलत होती. तिसऱ्या पत्रावळीशी सांडलं. "आरं, पँट हाय ती, ताट न्हाई!" ज्याच्यावर सांडलं तो बोंबलला, आणि शेजारचा म्हणाला, "चाट आता, लई भूक लागली म्हणत हुतास." कुणी टाळी वाजवली नाही. कुणी कमरेला धरलं नाही. भुकेल्या माणसांना तेवढी फुरसत नव्हती. आईनं पापडाची टोपली उचलली आणि त्याच्या मागून निघाली.

मी मिठाचं ताट उचललं. तो न वळता म्हणाला, "राहू द्या सर. तुम्ही पाहुणे."

मी ताट खाली ठेवलं.

ओळ लांब होती. तो मधल्या माणसाशी वाद घालत उभा होता, घट्ट वरण पाहिजे की पातळ यावर, तेवढ्यात पार टोकाला बसलेला थोरला चुलत भाऊ खेकसला, "ए वरणवाल्या, हिकडं माणसं हायत का मेंढरं? झोपला का रं तिकडंच?"

"आलो, आलो," तो म्हणाला.

मला त्याचा चेहरा दिसला नाही. त्याची पाठ माझ्याकडं होती. तो दिसावा असं मला फार वाटलं. तेवढं तरी माझ्या वाट्याला यायला हवं होतं, असंही वाटलं. पण तो त्या टोकाकडं चालत गेला.

पुढच्या शनिवारी तो नेहमीसारखा आला. वही उघडली, कोपर ठेवला आणि लिहिलं. पूर्वी तो लिहून झालं की वही माझ्याकडं सरकवायचा. आता बाईंकडं सरकवतो, आणि बाई वाचून परत देतात. मी एकदा बाईंना विचारलं की त्यानं नवीन काय ठरवलंय. त्या म्हणाल्या, "त्यांनी तुम्हाला सांगितलं तर तुम्हाला कळेल." आता मला बाईंचा हेवा वाटतो. हा रोग जात नाही, फक्त घर बदलतो.

एकच ओळ त्यानं मला आपणहून सांगितली. बसची वाट बघत होतो. तो म्हणाला, "वरण वाढलं, ते झालं. पण काकाला विचारायचं राहिलं. ते आता व्हायचं न्हाई. विचारायच्या आधीच हो म्हणलेला माणूस हाय तो." काका वाईट नाहीत. पण एका माणसानं सात महिने तयारी करून एक वाक्य तोंडात आणलं होतं आणि ते मी त्याच्या तोंडातून काढून छापलं. ते परत त्याच्या तोंडात घालता येत नाही. अपंग माणसाचं आयुष्य इतरांच्या हो-नाहीवर चालतं अशी आपली समजूत असते. आपल्या घाईच्या 'हो'नं त्याचं मागणंच हिरावलं जातं, हे मला कुठल्याही पत्रकानं शिकवलं नव्हतं.

मग एका शनिवारी मी गादीखालची वही घेऊन बैठकीला गेलो आणि प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला बसलो नाही, उत्तर देणाऱ्यांच्या बसलो. 'काय टाळलं'खाली मी पहिल्यांदा रेघ ओढली नाही. मी हे सगळं वाचून दाखवलं, हेव्यासकट. निलंग्याची मुलगी म्हणाली, "एवढं मोठं? आम्हाला तर एकच ओळ लिहायला लावता." सगळे हसले. तो हसला की नाही, हे मी बघायला धजलो नाही. बाईंनी विचारलं, "आणि पुढच्या शनिवारपर्यंत काय करणार?" मी म्हणालो, ते पत्रक जमेल तेवढं परत गोळा करणार. नेमकं, छोटं, जमलं की नाही ते कळेल असं माझं पहिलं काम.

हे छापायला देण्याआधी या वेळी त्याला विचारलं. त्यानं पूर्ण वाचलं, दोन दिवस ठेवून घेतलं. म्हणाला, "नाव नको. गाव राहू द्या, गावानं काय केलंय. आन् वरण पातळ हुतं असं कुठं लिहू नका, ते घट्टच हुतं."

छापलेल्या प्रती मी बऱ्याच परत आणल्या. फोनवरच्या आणता येत नाहीत. त्यात आता त्या पत्रकाला लग्नातला फोटो जोडून कुणीतरी पुढं पाठवतंय. फेटा बांधलेला माणूस, हातात आखूड वगराळं, बकेट दुसऱ्याच्याच हातात, आणि खाली कौतुकाच्या चार ओळी. तो फोटो त्याच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या फोनवर असतो, आणि फॉर्म भरता भरता ते त्याला दाखवतात. नांदेड, लातूर, कुठल्याही ग्रुपवर तुम्हाला तो आला असेल तर माझी एवढीच विनंती आहे. पुढं पाठवू नका. आत्ता, हे वाचून झाल्यावर लगेच, शोधून काढा आणि पुसून टाका. आणि ज्यानं तुम्हाला पाठवला, त्यालाही पुसायला सांगा.